पेनीवरचं दीपगृह : एका काचपेटीच्या नोंदी

8 जून 2025, रविवार

नोव्हेंबरात वाचनालयाच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन आहे आणि त्यात मला एक काचपेटी मिळाली आहे. आज जाऊन मापं घेतली. आतून 3 फूट लांब, 20 इंच रुंद, खोली जेमतेम 4 इंच. विषय लगेच कळवायचा होता, म्हणून फोनवरच सांगून टाकलं : 'ऐतिहासिक दीपगृहांची स्मारक नाणी'. फोन ठेवल्यावर मग कपाट उघडलं, की आपल्याकडे अशी नाणी आहेत तरी किती!

विषय डोक्यात आला तो खिडकीमुळे. रत्नदुर्गाच्या टेकडीवरच्या दीपगृहाचा झोत लहानपणापासून आमच्या माडांवरून फिरतोय. आधी नाण्यांचा नाद लागला, मग कधीतरी एका परदेशी नाण्यावर दीपगृह दिसलं, आणि तेव्हापासून अशी नाणी वेगळ्या डब्यात पडत गेली. वीस वर्षं झाली. डबा आज पहिल्यांदा पूर्ण रिकामा केला.

15 जून, रविवार

मोजणी झाली. अमेरिकेची दोन : 2003 चा मेन राज्याचा क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) आणि 2018 चा ब्लॉक आयलंडचा. कॅनडाचं 1992 चं 25 सेंट. डेन्मार्कचं 20 क्रोनचं, 2005 चं. जर्सीचं सातकोनी 20 पेन्स. आयल ऑफ मॅनचं 10 पेन्स. बार्बाडोसचं 5 सेंट. ब्रिटनच्या जुन्या पेनी तीन, त्यातली एक इतकी झिजलेली की ब्रिटानियाचा, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बाईचा, चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सपाट. शिवाय दोन मोठी चांदीची रंगीत नाणी, डब्यासह आणि प्रमाणपत्रासह. ती घेताना जितके पैसे मोजले तितक्यात बाकीचं सगळं दोनदा आलं असतं.

रोमन नाण्यांपैकी खरं एकही नाही. एका संग्रहालयाच्या दुकानातून आणलेली सेक्स्टस पॉम्पी या रोमन सेनानीच्या दिनारियसची, म्हणजे चांदीच्या नाण्याची, प्रतिकृती आहे, तेवढीच.

पेटीत बारा-तेरा नाणी नीट बसतील. त्याहून जास्त मांडली की बघणारा एकही बघत नाही. हे मागच्या प्रदर्शनात शिवराई मांडताना कळलं होतं. चाळीस मांडल्या होत्या, आणि लोकांनी फक्त "सोन्याची आहे का?" एवढंच विचारलं.

29 जून, रविवार

पावसाने कोंडून घातलंय. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या खिशांतली नाणी काढली तर तीन नाण्यांवर हिरवट चिकट थर. दोष माझा. हे खिसे पीव्हीसीचे असतात, दमट हवेत त्यातून रसायन सुटतं आणि तांब्याच्या नाण्याला खातं. कोकणातल्या पावसात तर विचारायलाच नको. निव्वळ ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवून ठेवली, मग बोटही न लावता तशीच वाळवली. थर गेला. कॅनडाच्या नाण्याच्या कडेला एक डाग राहिला, तो आता राहणारच.

सगळी नाणी कार्डाच्या चौकटीत घातली. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या.

13 जुलै, रविवार

काल-परवाची मोठी बातमी. मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यात आमचा खांदेरीही आहे. खांदेरीवर 1867 चं दीपगृह आहे, अष्टकोनी बुरुजासारखं, आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. पाच-सहा वर्षांपूर्वी थळहून होडीने गेलो होतो. तिथे एक दगड आहे, त्यावर दुसऱ्या दगडाने मारलं की धातूसारखा खणखणतो. आमच्या धंद्यातली सवय अशी की मी तो आवाज ऐकून आपोआप म्हणालो, "चांदी नाही." जुने सराफ नाणं फरशीवर टाकून कानाने पारखायचे, त्याची आठवण.

बातमीच्या निमित्ताने माझ्याकडची भारतीय दीपगृहाची वस्तू शोधली. 1985 चं मिनिकॉय दीपगृहाच्या शताब्दीचं टपाल तिकीट सापडलं. पण पेटी नाण्यांची आहे. तिकीट ठेवलं की उद्या काडेपेट्यांची लेबलंही ठेवावीशी वाटतील. तिकीट परत अल्बममध्ये.

20 जुलै, रविवार

आज पूर्ण दिवस पेनीवर गेला. बाकीच्या नाण्यांवरच्या चिठ्ठ्या तासाभरात लिहून होतील, पेनीची गोष्ट मात्र लांब आहे.

ब्रिटनने 1860 मध्ये जाड तांब्याची पेनी बंद करून कांस्याची पातळ पेनी आणली. तांबं 95, कथील 4, जस्त 1 टक्का. वजन साडेनऊ ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे 48 पेनी मिळून एक पौंड भरेल असा हिशेब. ठसा कोरला लिओनार्ड चार्ल्स वायन यांनी. एका बाजूला अंबाडा घातलेली तरुण व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला ढाल आणि त्रिशूळ घेऊन बसलेली ब्रिटानिया. तिच्या पाठीशी दीपगृह, समोर दूरवर शिडाचं जहाज. दीपगृह बोटाच्या नखाच्या अर्ध्याएवढंसुद्धा नाही.

1895 मध्ये ठसा नव्याने केला तेव्हा दीपगृह गेलं, जहाजही गेलं. ब्रिटानिया रिकाम्या समुद्रासमोर बसून राहिली, बेचाळीस वर्षं. 1937 मध्ये सहाव्या जॉर्जच्या पेनीवर दीपगृह परत आलं, जहाज नाही आलं. तिथपासून पेनी संपेपर्यंत ते राहिलं. वापरासाठी पाडलेल्या शेवटच्या पेनींवर 1967 साल आहे. 1971 च्या फेब्रुवारीत दशमान पद्धत आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून बाद झाली.

संग्राहक या दीपगृहाला एडिस्टन म्हणतात. नाण्यावर नाव कुठेच नाही. एडिस्टन म्हणजे प्लिमथसमोरच्या खडकावरचं, जॉन स्मीटन यांनी बांधलेलं. 1759 मध्ये त्यात पहिल्यांदा दिवा लागला. दगड एकमेकांत खाचा करून असे बसवलेले की लाटेने एक ढिला व्हायचा तर शेजारचे चार ढिले व्हावे लागतील. बुरूज टिकला, पण खालचा खडक पोखरत गेला आणि मोठ्या लाटेत सगळंच हादरायला लागलं. 1882 मध्ये शेजारी डग्लस यांचं नवं दीपगृह उभं राहिलं. जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा रचला आणि बुडखा अजून खडकावर आहे. म्हणजे पेनीवरचं ते खरोखर एडिस्टनच असेल, तर 1882 ते 1894 ही बारा वर्षं टाकसाळ अशा दीपगृहाचं चित्र पाडत होती जे त्या जागी उभंच नव्हतं.

माझ्याकडच्या तीन पेनींपैकी एक अंबाडेवाली, एक 1900 ची दीपगृह नसलेली, एक 1961 ची. मधल्या काळातली सहाव्या जॉर्जची हवी. चाचांकडे असणार.

27 जुलै, रविवार

चाचांकडे गेलो. वय 81. त्यांचे वडील बोटीवर तांडेल होते, म्हणजे सारंगाच्या हाताखालचा माणूस, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर गेली. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार कमी, करार लांब, आणि घरी परतताना खिशात उरलेली चिल्लर. ती चिल्लर चाचांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सिंगापूरची, मोंबासाची, एडनची, आणि पेनी चांगल्या तेवीस.

पेनी ओट्यावर मांडल्या. साल लावून बघितलं तर 1937 पासून 1949 पर्यंत. मी 1947 ची आणि 1949 ची शेजारी ठेवली आणि भिंग दिलं. 1947 च्या राजाच्या डोक्याभोवती शेवटी दोन तुटक शब्द आहेत, 'इंड इम्प', भारताचा सम्राट. 1948 च्या पेनीवरही आहेत. 1949 च्या पेनीवर नाहीत. तेवढी जागा मोकळी झाली म्हणून बाकीची अक्षरं ऐसपैस बसलीत.

चाचांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अब्बाने दोन्ही एकाच दुकानात खर्च केल्या असत्या रे. त्याला चहाशी मतलब."

सात पेनी उसन्या घेतल्या. चिठ्ठी लिहून दिली, साल आणि संख्या घालून. चाचा म्हणाले, "चिठ्ठी कसली करतोस भाऊ?" पण खिशात ठेवली.

10 ऑगस्ट, रविवार

फेरोस. अलेक्झांड्रियाचं दीपगृह, इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं. त्याचं नाणं माझ्याकडे नाही आणि येणारही नाही, तरी त्याच्याशिवाय पेटी सुरू करता येत नाही.

रोमन सम्राटांच्या काळात अलेक्झांड्रियाची टाकसाळ स्थानिक चलन पाडायची. इजिप्तमध्ये तेच चालायचं, बाहेरचं नाणं बंदरात बदलून घ्यावं लागे. या टाकसाळीच्या कांस्याच्या नाण्यांवर डोमिशियनपासून कोमोडसपर्यंत, म्हणजे पहिल्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या शेवटापर्यंत, दीपगृह पुन्हा पुन्हा येतं. वर निमुळता होत जाणारा बुरूज, पायथ्याशी दार, पहिल्या टप्प्याच्या कोपऱ्यांवर शंख फुंकणारे ट्रायटन (अर्धे माणूस, अर्धे मासे असे समुद्रदेव), आणि अगदी वर पुतळा. काही नाण्यांवर शेजारी देवी आयसिस उभी आहे, वाऱ्याने फुगलेलं शीड दोन्ही हातांत धरून.

मूळ दीपगृह भूकंपांनी खिळखिळं केलं. 1303 चा भूकंप मोठा. इब्न बतूता 1326 मध्ये गेला तेव्हा एक बाजू ढासळलेली होती, तरी आत जाता आलं. दार जमिनीपासून उंचावर होतं, समोरच्या इमारतीवरून फळी टाकून आत शिरायचं. 1349 मध्ये तो परत आला तेव्हा दारापर्यंतही पोचता येईना. (मधल्या काळात हा गृहस्थ आपल्या किनाऱ्याने गोव्यापर्यंत येऊन गेला होता.) 1477 च्या सुमारास सुलतान कायतबेने त्याच जागी किल्ला बांधला, त्यात तेच दगड. 1994 पासून फ्रेंच पाणबुड्या संशोधकांना तिथल्या समुद्राच्या तळाशी अजस्र तुकडे सापडत गेले.

मग ते दिसायचं कसं, हे आपल्याला कशावरून कळलं? अरब प्रवाशांनी घेतलेल्या मापांवरून, आणि या चिल्लरीवरून. हेर्मान थिअर्श या जर्मन अभ्यासकाने 1909 मध्ये फेरोसचं जे चित्र उभं केलं, त्यात नाण्यांची साक्ष मोठी आहे. वरचे ट्रायटन आपल्याला माहीत आहेत ते भाजी आणि तेल विकत घ्यायला वापरलेल्या कांस्याच्या तुकड्यांमुळे.

हे लिहिताना विषयाच्या नावातला 'स्मारक' हा शब्द पहिल्यांदा खटकला. फेरोसचं नाणं स्मारक म्हणून पाडलंच नव्हतं. दीपगृह तेव्हा उभं होतं, रोज रात्री पेटत होतं. पेनीचंही तेच. तूर्त नोंदवून ठेवतो.

पुतणीला सांगितलंय, चार-पाच नाण्यांचे फोटो बघून खऱ्या आकाराचं, 34 मि.मी. व्यासाचं रेखाचित्र काढ. तिने विचारलं, "काका, एवढ्या लहानात ट्रायटन कसा काढू?" मी म्हटलं, ज्याने ठशात उलटा कोरला त्याला विचार.

17 ऑगस्ट, रविवार

सेक्स्टस पॉम्पीची प्रतिकृती. मूळ नाणं चांदीचं, इ.स.पू. 40 च्या आसपासचं, सिसिलीत पाडलेलं. एका बाजूला मेसिनाचं दीपगृह, त्याच्या टोकावर समुद्रदेव नेपच्यून, पुढ्यात वल्ह्यांचं जहाज. दुसऱ्या बाजूला सिल्ला नावाची राक्षसीण, कमरेखाली माशांची शेपटं आणि कुत्र्यांची तोंडं, हातात उगारलेलं सुकाणू. मेसिनाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत जहाजं खाणारी ती हीच. सेक्स्टस स्वतःला नेपच्यूनचा मुलगा म्हणवायचा आणि रोमला जाणारं धान्य समुद्रात अडवायचा. म्हणजे एकाच नाण्यावर मित्राला दिवा आणि शत्रूला राक्षसीण. इ.स.पू. 36 मध्ये अग्रिप्पाने त्याचं आरमार बुडवलं, नाणं उरलं.

माझी प्रतिकृती तराजूवर 3.1 ग्रॅम. खरं नाणं 3.9 च्या आसपास भरतं. शिवाय कडेला ओतकामाची रेघ दिसते. खरं नाणं ओतत नाहीत, ठशाने मारतात. चिठ्ठीवर 'प्रतिकृती' हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहायचा.

जाता जाता : कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात याच देवाची, ग्रीकांच्या पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती सापडली होती. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. भूमध्य समुद्रातून निघालेला देव पंचगंगेकाठी! चिठ्ठीत हे एक वाक्य घालतोय. पेटीसमोर शाळेतली पोरं थांबली तर याच वाक्यासाठी थांबतील.

25 ऑगस्ट, सोमवार

लिहावंसं वाटत नाही, पण नोंद आहे तर सगळंच लिहायचं.

परवा गणपती. आईने सगळी पितळेची-तांब्याची भांडी काढली : समया, निरांजनं, तांब्या, पळी, ताम्हण. कोकमाचं आगळ आणि राख. मी चाचांच्या पेनी फोटो काढायला म्हणून ताम्हणात ठेवल्या होत्या, मागच्या खोलीत. ताम्हण गेलं आणि पेनीही गेल्या. संध्याकाळी बँकेतून आलो तर सातच्या सात पेनी देव्हाऱ्याशी स्वच्छ फडक्यावर, नुकत्या कातलेल्या तांब्यासारख्या गुलाबी. आई खूश. "किती काळी पडली होती रे! लक्षच नव्हतं कुणाचं."

नाण्याचं मोल त्याच्या काळेपणात असतं, हे आईला या वयात आणि गणपतीच्या आदल्या दिवसांत कोण सांगणार. मी चहा घेतला आणि गप्प बसलो.

रात्री भिंगातून एकेक पाहिली. 1945 ची सर्वांत वाईट, आणि तिची गोष्ट तर उलटीच. लढाईच्या शेवटच्या वर्षांत लंडनची टाकसाळ नव्या पेनी मुद्दाम रसायनाने काळवट करून बाहेर पाठवायची. चकचकीत नाणं लोक खर्च न करता साठवून ठेवतात म्हणून. म्हणजे टाकसाळीने खटपट करून आणलेला काळेपणा आमच्या मातोश्रींनी ऐंशी वर्षांनी एका दुपारी घालवला.

7 सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली. आज चाचांकडे गेलो, सात पेनी रुमालात बांधून. दारातच सांगून टाकलं. बाजारभावाने दुसऱ्या आणून देतो असंही म्हणालो, आणि म्हटल्याक्षणी वाटलं की हे म्हणायला नको होतं.

चाचांनी 1945 ची उचलली, उजेडात धरली. "कुणी घासली? आईने?" मग हसायलाच लागले. "अब्बाने जन्मभर बोटीवर दुसरं काय केलं? पहाटे उठून पितळ घासायचं. साहेब पांढरा हातमोजा घालून फिरवायचा. एवढं स्वच्छ कुणाचं निघायचं नाही." आणि आत हाक मारून घरच्यांना दाखवली.

आईसाठी शिरखुर्म्याचा डबा देत होते, मी म्हटलं आज नको, आज तिचं गौरी-गणपतीचं अजून आवरलेलं नाही. "मग पुढच्या रविवारी," म्हणाले.

1945 ची पेनी पेटीत ठेवायचं ठरलं. शेजारी न घासलेली 1946 ची, डब्यातून नवीन घेतलेली. घासल्याने दीपगृहाच्या उभ्या कडा गोलसर झाल्यात, शेजारी ठेवल्यावर साध्या डोळ्यांना कळतं.

21 सप्टेंबर, रविवार

बार्बाडोसचं 5 सेंट. आमच्या मावसभावाचा मुलगा न्यू जर्सीला असतो. गेल्या वर्षी 29 जूनला ब्रिजटाऊनला टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला गेला होता. येताना माझ्यासाठी काय आणलं, तर हॉटेलात सुट्टे मिळालेले 5 सेंट. त्या पोराला शंभर गुण.

पितळी रंगाचं, 21 मि.मी. बार्बाडोसने स्वतःची नाणी 1973 मध्ये काढली, तेव्हापासून हेच चित्र. 1 सेंट 2014 मध्ये बंद केला, त्यामुळे आता तिथलं सर्वांत लहान नाणं हेच. त्यावर साऊथ पॉइंटचं दीपगृह. ते दगडाचं नाही, ओतीव लोखंडाचं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं होतं, मग सुटं करून जहाजात घालून नेलं आणि 1852 मध्ये बेटाच्या दक्षिण टोकाला पुन्हा जोडलं. लाल-पांढरे पट्टे. एका प्रदर्शनात मांडलेली वस्तू माझ्या प्रदर्शनात पाच सेंटांवर बसून आली.

जर्सीचं 20 पेन्स. ला कॉर्बिएर, 1874. ब्रिटिश बेटांमधलं काँक्रीटचं पहिलं दीपगृह. भरतीला बेट होतं, ओहोटीला वाट उघडते. चिठ्ठीत 'हाजी अलीसारखी वाट' एवढंच लिहिलं, पुरे आहे. तिथली भरती-ओहोटी मात्र आपल्यापेक्षा फार मोठी, 12 मीटरपर्यंतचा फरक. 1946 मध्ये वाटेत अडकलेल्या पाहुण्याला वाचवायला गेलेला सहायक रखवालदार बुडाला, त्याच्या नावाचा दगड तिथे आहे.

आयल ऑफ मॅनच्या 10 पेन्सवर चिकन रॉक. स्टीव्हन्सन बंधूंनी बांधलेलं, 1 जानेवारी 1875 ला पेटलं. मुंबईचं प्राँग्जसुद्धा त्याच वर्षीचं.

28 सप्टेंबर, रविवार

अमेरिकेचे दोन क्वार्टर. ब्लॉक आयलंडचं नॉर्थ लाइट बगळ्याच्या मागे इतकं बारीक आहे की नाणं बगळ्याचंच म्हणावं. तरी ठेवतो, खांदेरीच्या जोडीचं आहे, 1867 चं.

मेनच्या क्वार्टरवर पेमाक्विड पॉइंट. 1827 मध्ये बांधलं, आणि कंत्राटदाराने चुन्यात समुद्राचं खारं पाणी कालवलं. आठ वर्षांत भिंती भुगा व्हायला लागल्या. 1835 मध्ये नव्याने बांधताना करारात अट घातली की पाणी गोडंच वापरायचं. किनाऱ्यावर घर बांधलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. आमच्या गल्लीतच दोन इमारती दाखवतो.

कॅनडाच्या 25 सेंटवर पेगीज कोव्ह. देशाच्या सव्वाशे वर्षांनिमित्त प्रत्येक प्रांताचं एक नाणं काढलं, त्यातलं नोव्हा स्कोशियाचं हे. त्या दीपगृहाच्या खालच्या मजल्यावर पोस्ट चालायचं. डेन्मार्कचं 20 क्रोन फॅरो बेटांतल्या नॉल्सॉयच्या दीपगृहाचं, मनोऱ्यांच्या मालिकेतलं. ही चारही नाणी नाव घेऊन, निमित्त सांगून काढलेली, म्हणजे रीतसर स्मारक. पण चारही दुकानात चालली. माझ्या मेनच्या क्वार्टरवर कुणाच्यातरी किल्ल्यांचे ओरखडे आहेत.

5 ऑक्टोबर, रविवार

दोन्ही रंगीत चांदीची नाणी पेटीबाहेर काढली.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मन बदलणार नाही. त्यांवरची दीपगृहं सुंदर आहेत, दगडन्‌दगड दिसतो. पण ज्या बेटाच्या नावाने ती निघाली तिथे ते दीपगृह नाही, आणि ती नाणी त्या बेटावर कधी गेलीही नसतील. टाकसाळीतून डब्यात, डब्यातून माझ्या कपाटात. त्यांवर एकाही माणसाचा अंगठा फिरलेला नाही. लिलावात शेजारी बसणारे माझे मित्र यावर भांडतील. त्यांची निम्मी कपाटं अशाच नाण्यांनी भरली आहेत. भांडू देत.

आयोजकांना फोन केला, विषयातून 'स्मारक' काढा. ते म्हणाले पत्रिका छापायला गेली. मग पत्रिकेत ते राहील, माझ्या पाटीवर 'नाण्यांवरची दीपगृहं' एवढंच.

26 ऑक्टोबर, रविवार

दिवाळी आटोपली. मांडणीची तालीम जेवणाच्या टेबलावर केली. तीन अडचणी निघाल्या.

नाण्याची एकच बाजू दिसते. उपाय जुनाच : पारदर्शक पट्टीवर नाणं, खाली तिरका छोटा आरसा. पेटीची खोली 4 इंच असल्याने आरसा 30 अंशांपलीकडे तिरका होत नाही, पण पेनीवरचा राजा वाचता येतो.

दुसरी, उजेड. वरून दिवा सोडला तर दीपगृह दिसेनासं होतं, सगळं सपाट. एका बाजूने, खालून, कोनात उजेड टाकला की बुरुजाची सावली पडते आणि तो उठून उभा राहतो. दोन्ही टोकांना एकेक लहान एलईडी पट्टी लावून पाहिली, सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात. डावीकडची काढली.

तिसरी, चिठ्ठ्या फार लांब. पेनीची चिठ्ठी चौदा ओळींची झाली होती, ती सहावर आणली. 'इंड इम्प' ठेवलं, जस्ताचे टक्के काढले. एडिस्टनबद्दल 'संग्राहक म्हणतात' हे दोन शब्द पुतणीने खोडले होते, मी परत घातले.

फेरोसचं रेखाचित्र तयार आहे. ट्रायटन डासांसारखे दिसतात. मूळ नाण्यांवरही जरा तसेच दिसतात.

14 नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी लावली, तीन तास. कुलूप बिघडलेलं निघालं, किल्ली फिरतच नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी स्क्रू-ड्रायव्हरने दोन स्क्रू मारून झाकण बंद केलं. रात्री झोपताना आठवलं की माझा स्क्रू-ड्रायव्हर पेटीतच राहिला आहे, पेगीज कोव्हच्या बाजूला.

15 नोव्हेंबर, शनिवार

स्क्रू-ड्रायव्हर बाहेरून दुसरा आणून मग आतला काढला. दहा वाजता लोक यायला लागले.

सगळ्यांत जास्त वेळ लोक कुठे थांबले, हे मी खुर्चीत बसून पाहिलं. घासलेल्या पेनीशी. शेजारी लिहिलं होतं : 'कोकमाच्या आगळाने घासलेली. असं करू नये.' बायका वाचून हसतात, पुरुष वाचून बायकोकडे बघतात. एक मुलगा, सातवीतला असेल, त्याने विचारलं की पेनीवर दीपगृहातून उजेड का येत नाही. मी म्हटलं, नाण्यात उजेड कोरायचा म्हणजे रेघा कोराव्या लागतात, तेवढी जागा नाही. तो म्हणाला, "मग दिवसाचं चित्र असेल." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

16 नोव्हेंबर, रविवार

चाचा आले, नातवाच्या स्कूटरवर. आईसुद्धा आली होती. दोघं पेटीसमोर उभी. आई म्हणाली, "मला वाटलं भांड्याबरोबरचीच आहेत." चाचा म्हणाले, "वहिनी, आमच्या अब्बाला दाखवली असती तर त्याने तुम्हाला बोटीवर घेतलं असतं." मी बाहेर जाऊन चहा सांगून आलो.

पाच वाजता पेटी उतरवली.

23 नोव्हेंबर, रविवार

चाचांच्या पेनी परत केल्या. माझी जुलैची चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती, त्यावरून पेनी मोजल्या. सात लिहिल्या होत्या, आठ भरल्या. सप्टेंबरात घेतलेली 1946 ची चिठ्ठीवर चढवायची राहिली होती. त्यांनी तीच बाजूला काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "ही काळीच ठेव."

सिलिका जेलच्या पुड्या उन्हात टाकल्या आहेत. 1946 साठी नवं कार्ड हवं, 31 मि.मी.चं, डब्यातली संपली.